सासूच्या कमरेवर पाय

मी भित्री हाय. हे आधीच सांगून टाकते, म्हंजे पुढं कुणाला वाटायला नको की ही बाई गळे आवळायला शिकली म्हणून मोठी वाघीण असंल. मला कुकरच्या शिट्टीचं भ्या वाटतं. पालीचं वाटतं, मागून येणाऱ्या मोटारसायकलचं वाटतं, आन् सगळ्यात जास्ती आमच्या आत्याचं वाटतं. आमच्यात सासूला आत्या म्हणतेत. आत्या अंगानं भरलेल्या, आवाजानं त्याहून भरलेल्या. त्यांनी नुसतं "अगं" म्हणलं की माझ्या हातातलं भांडं पडायचं, आन् भांडं पडलं म्हणून त्या परत "अगं" म्हणायच्या.

माहेर माझं नांदेडचं. गोदावरीच्या काठची पोरगी लातूरला दिली, आन् दिली ती अशा येळेला की पावसानं तोंड फिरवलेलं. लेकरू बसायला लागलं तवर नळाला पाणी येत असतंय हे आमची गल्ली इसरून गेली होती. टँकर यायचा. टँकर आला की बाया धावायच्या आन् मी धावणाऱ्या बायांना वाट द्यायची. "घ्या की, तुमी घ्या आधी," असं मीच म्हणायची, कुणी मागितलं नसलं तरी. घरी येस्तोवर घागरीच्या बुडाला चार वंजळी पाणी. आत्या आत डोकावून बगायच्या आन् म्हणायच्या, "हे काय, तीर्थ आणलंस का?"

रांगेत माणसं कशावरबी भांडायची. उदगीरचा नवा जिल्हा व्हावा का न्हाई, ह्याच्यावर तर रोजच. एक म्हातारा म्हणायचा, "करा की बाबा जिल्हा. नव्या जिल्ह्याला नवे टँकर द्यावे लागतेल, तेवढंच." सगळे हासायचे, आन् मी हासायच्या नादात अजून एका बाईच्या मागं जायची. मला तर लातूरच अजून नवा जिल्हा होता. कोणत्या गल्लीतून गेलं की कोणता रस्ता लागतो हे कळायचं न्हाई, इचारायचं भ्या वाटायचं, म्हणून मी लांबून लांबून फिरून घरी यायची.

आमचे हे डाळमिलवर कामाला. तूरच पिकली न्हाई तर मिल काय भरडणार? पाळ्या कमी झाल्या. त्यात घरमालकाचा बोर आटला. एक दिवस ह्यांनी जेवता जेवता सांगितलं, ताटाकडं बगत, "पाऊस पडस्तोवर तू लेकराला घेऊन नांदेडला जा. आईला रेणापूरला ताईकडं सोडतो. मी मिलवर झोपतो."

पाऊस पडस्तोवर! हे काय बोलणं झालं का? पाऊस दोन वर्सं झाले पडला न्हाई. आमच्या गल्लीतली एक बाई अशीच गेली होती माहेरी, पाऊस पडस्तोवर. नवरा पुण्याला गेला, तिकडंच ऱ्हायला, आन् त्यांच्या दाराचं कुलूप गंजून गेलं. मला तेच कुलूप दिसायला लागलं. भावजय दोन दिवस गोड बोलंल, तिसऱ्या दिवशी लेकराच्या दुधात किती साखर घालतेत ते बगंल.

आत्यांचा तर हात ताटातच थांबला. त्या जुन्या वळणाच्या. लेकीच्या घरचं पाणीबी पिऊ नये म्हणणाऱ्या. रेणापूरला लेकीकडं गेल्या तर घरूनच पोटभर पाणी पिऊन जायच्या आन् ऊन उतरायच्या आत परत यायच्या. त्यांना आता लेकीच्या दारात पाण्यासाठी जाऊन ऱ्हायचं होतं. त्यांनी ताट तसंच सरकवलं.

दुसऱ्या दिवशी मी काम शोधायला निघाले. हिंमत आली म्हणून न्हाई, नांदेडच्या बसचं भ्या कामाच्या भ्यापेक्षा मोठं होतं म्हणून. क्लासेसच्या भागात पोरींचे हॉस्टेल लई. एका हॉस्टेलच्या मालकीणबाई, त्यांना सगळे काकू म्हणायचे, कपाळाला भस्माचे पट्टे, बोलणं वजनकाट्यावानी. त्यांच्या बोरला अजून पाणी होतं. मी म्हणलं, "मला भाकरी येतेत."

"भाकरीला बाई हाय," काकू म्हणल्या. "मला गेटवर बाई पायजे. दुसरे हॉस्टेल बंद पडायलेत, त्या पोरी सगळ्या माझ्याकडं यायल्यात. मागं एक खोली हाय, बोरचं पाणी हाय, घरचे आणले तरी चालतेल. पण गेटवर कोण कोण येतंय. दबणारी बाई मला चालत न्हाई. आन् तू तर माझ्यासंग बोलतानाच कापायलीस."

मी कापत नव्हते. कापत होते, पण थोडं.

तेवढ्यात जिन्यावरून एक पोरगी उतरली. माझ्यापेक्षा लहान, केस बारीक कापलेले, कान जरा चेपलेले. ती हॉस्टेलात ऱ्हाऊन बायांना कसली तरी कुस्ती शिकवायची. ब्राझिलियन जिउ-जित्सू. मला ते नाव तोंडात बसायला आठवडा लागला. काकू म्हणल्या, "ह्या मॅडमकडं शीक. म्हयनाभर थांबते. मॅडमनं माझ्यासमोर तुला पास केलं तर खोली तुझी. न्हाईतर मी दुसरी बगते."

मॅडमनं मला वरून खाली बघितलं. "कुठल्या तुमी?"

"नांदेडची."

"मीबी नांदेडची," त्या म्हणल्या. "उद्यापसून या. नखं कापून या."

घरी सांगितलं. आत्या म्हणल्या, "कुस्ती शिकून वाचमन व्हणार? तुला तर घरात उंदीर आला तरी तूच बाहेर जातीस." मंग जरा थांबून म्हणल्या, "खोलीला पाणी हाय म्हणलीस ना?"

"हाव."

"लेकरू मी धरते. जा."

क्लास एका मंगल कार्यालयात भरायचा. पाण्यावाचून लग्नं लांबलेली, हॉल मोकळाच पडलेला. मॅडमनं फोमच्या चटया अंथरल्या होत्या, त्याच्या खाली कार्यालयाच्या गाद्या. समोर स्टेज, आन् स्टेजवर नवरा-नवरीच्या दोन लाल मखमली खुर्च्या. मी पहिल्या दिवशी गेले तर आत्या लेकराला घेऊन मागं मागं आल्या, लेकराला मधी पाजावं लागंल म्हणून. आल्या आन् सरळ जाऊन नवरीच्या खुर्चीवर बसल्या. लेकराला नवरदेवाच्या खुर्चीवर बसवलं. मी म्हयनाभर जी जी आपटी खाल्ली ती ह्या दोघांच्या समोर.

मॅडमनं त्यांचा एक जुना पोशाख मला दिला. जाड पांढरा, बाह्या लांब. पट्टा कसा बांधायचा ते तीनदा दाखवलं, तरी मी तो परकराच्या नाडीवानीच बांधला. मॅडमचा एक नियम कडक होता, पोशाख धुतलेला पायजे, घामाचा वास आला तर चटईवर पाय ठेवू देणार न्हाई. आत्यांनी ते ऐकलं आन् स्टेजवरूनच बोलल्या, "घाम गाळायला पाणी न्हाई लागत. धुवायला लागतंय. ते कुठनं आणतीस?"

मंग आमच्या घरात असं ठरलं की परातीत लेकराची आंघोळ, त्या पाण्यात माझा पोशाख, आन् पोशाखाचं पाणी संडासला. पोशाखाला लेकराच्या साबणाचा वास यायचा. माझा गळा धरताना माझी जोडीदार म्हणायची, "ताई, तुमचा लई गोड वास यायलाय, आवळावंच वाटत न्हाई."

ही जोडीदार शिरूर अनंतपाळची पोरगी, डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास करायला लातूरला आलेली, माझ्याएवढीच उंचीला. सगळ्या बायांमधी मॅडमनं आमची जोडी लावली.

पहिला धडा काय, तर कुणी अंगावर बसलं की कंबर सरकवून खालून निघायचं. मला वाटलं हे मला जमणार न्हाई. पण हे मला येत होतं! लेकरू कुशीत झोपलं की त्याला जागं न करता खालून कसं निघतेत, हात सोडवायचा, कंबर मागं घ्यायची, मंग खांदा, हे मी रोजच करत होते. मॅडम म्हणल्या, "वा! कुठं शिकल्या?" मी लाजून सुटलेला पट्टा परत बांधायला घेतला. पुढचं सगळं मात्र बिघडलं.

एक तर मी श्वास घ्यायचं इसरायची. अंगावर वजन आलं की मी श्वास धरून ठेवायची, कुणी बगितलं न्हाई पायजे म्हणून माणूस गप बसतंय तसं. मंग तोंड जांभळं. मॅडम वरून वरडायच्या, "ताई, श्वास! श्वास घ्या, फुकट हाय तो!" आन् मी श्वास घेतला की पकड सुटायची. दोन्ही कामं एकदम मला जमायची न्हाईत.

दुसरं म्हंजे थोपटणं. ह्या खेळात हार मानायची झाली तर समोरच्याच्या अंगावर हातानं थापटायचं, की ती लगेच सोडती. आता आठ-नऊ म्हयने ज्या बाईनं रातंदिस लेकराला थोपटलंय, तिनं कुणालाबी मिठीत धरलं की तिचा हात आपोआप काय करंल? मी त्या पोरीला धरायची आन् पाठीवर थोपटायची. ती बिचारी लगेच सोडून बाजूला. "ताई, हार मानली का? मी तर अजून धरलंच न्हाई."

त्यात लेकरू तिकडं खुर्चीवर रडलं की इकडं माझ्या अंगात दूध उतरायचं, पोशाखाला ओले डाग. आत्या वरून, "सोड तिला, आधी ह्याला घे!" मी त्या पोरीच्या पायात अडकलेली, सोड म्हणायला श्वास न्हाई.

पण खरा घोळ पायाचा.

आपल्यात कुणाला पाय लागला तर काय करतेत? हात लावून छातीला लावतेत, नमस्कार करतेत. पुस्तकाला लागला तरी करतेत, केरसुणीला लागला तरी करतेत. आन् ह्या खेळात पाठीवर पडायचं आन् पायांनीच सगळं करायचं. पाय कमरेला लावा, पाय गुडघ्याला लावा, पाय छातीला लावून ढकला! माझा पाय त्या पोरीच्या पोटाला लागला की माझा हात पकड सोडून तिच्या पोटाला शिवायचा आन् माझ्या छातीला यायचा. तेवढ्या येळात ती माझ्या अंगावर चढून बसलेली असायची. मॅडम म्हणल्या, "ताई, पकड का सोडली?"

"पाय लागला ओ."

"लागायसाठीच लावलाय तो!"

"हाव, पण लागला की."

आन् ओलांडण्याचं तर इचारूच नका. कुणी झोपलेलं असलं तर त्याला ओलांडून जायचं नसतंय, लेकरू असलं तर वाढ खुंटती, मोठं असलं तर पाप. चुकून ओलांडलं तर तसंच उलटं ओलांडून परत यायचं, म्हंजे दोष जातो. एक दिवस काय की, मी त्या पोरीचे पाय बाजूला सारून, तिच्यावरून उडी टाकून, पलीकडं पोचले. पहिल्यांदाच! सगळ्या बायांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या ध्यानात आलं की मी तिला ओलांडलं, ती पोरगी अजून शिकायलीय, तिची परीक्षा हाय. मी लगेच उलटी उडी मारून परत तिच्या पायात येऊन बसले.

टाळ्या मधीच थांबल्या. मॅडमनं कपाळाला हात लावला. "ताई, तुमी परत का आल्या?"

"ओलांडलं होतं मी तिला."

ती पोरगी चटईवर लोळून लोळून हासली. वरून आत्या मातर गंभीर. "बरोबर केलंस," त्या म्हणल्या. "वळण हाय तिला." म्हयनाभरात आत्यांनी माझं एवढंच कौतुक केलं, आन् तेबी चुकीच्या गोष्टीचं.

मॅडमनं मंग तोड काढली. म्हणल्या, "क्लास सुरू व्हायच्या आधी जोडीदाराच्या एकदाच पाया पडून घ्या. आगाऊ. मंग तासभर कितीबी पाय लागू द्या." मी तसं करायला लागले. रोज त्या पोरीच्या पाया पडायची, तिबी लाजून माझ्या पडायची, आन् मंग आमी एकमेकीचे गळे धरायचो. जमायला लागलं. सगळं न्हाई, पण एक डाव जमला. समोरची उभी, आपण पाठीवर पडलेलो. हातानं तिची एक टाच धरायची, दुसऱ्या टाचेमागं आपला पाय अडकवायचा, आन् उरलेला पाय तिच्या कमरेला लावून ढकलायचं. खालून खुर्ची ओढल्यावानी माणूस धपकन बसतंय. ती पोरगी दहातून सहा-सातदा बसायला लागली. मॅडम म्हणल्या, "काकूसमोर हाच डाव दाखवायचा. पाडायची, वर बसायचं, तिनं थापटस्तोवर धरायची. एवढंच."

एवढंच म्हणल्या, आन् त्या पोरीचं हॉस्टेल बंद पडलं. वडील जीप घेऊन आले आन् तिला गावाला घेऊन गेले. जाताना ती माझ्या पाया पडली. "ताई, आता पकड सोडू नका," म्हणली. बाकीच्या बायाबी पांगल्या होत्या, कुणी माहेरी, कुणी पुण्याला. परीक्षेच्या दिवशी हॉलमधी मी, मॅडम, आत्या आन् लेकरू.

आन् काकू. काकू आल्या त्या नवरदेवाच्या खुर्चीवर बसल्या, लेकरू आत्याच्या मांडीवर. दोन्ही खुर्च्या भरल्या. घरी ह्यांनी माझी पिशवी भरून ठेवली होती, नांदेडला भावाला फोनबी लावला होता. संध्याकाळची गाडी.

मॅडम म्हणल्या, "जोडीदार मी व्हते."

काकू म्हणल्या, "तुमी नको. तुमी तिला शिकवलंय, मुद्दाम पडाल. दुसरी कोण हाय?"

दुसरी कोण? हॉलमधी बघितलं. काकू म्हणल्या, "माझ्याकडं बगू नका, माझी कंबर गेलेली हाय."

मला वाटलं संपलं, आता पिशवी घ्यायची. लाज वाटते सांगायला, पण मनात जरा बरंबी वाटलं, की चला, कुणाला पाडायचं न्हाई आता.

तेवढ्यात आत्यांनी लेकरू उचलून काकूच्या मांडीवर ठेवलं. "अक्का, जरा धरा. ओला न्हाई तो." आन् पदर कमरेला खोचत स्टेजच्या पायऱ्या उतरल्या.

"आत्या, तुमी कुठं?"

"मी पडते की."

मॅडम धावल्या. "आई, लागंल तुमाला."

"मी रानात बैलासंग पडलेली हाय. घाला अजून दोन गाद्या."

मॅडमनं गाद्या घातल्या, आत्याला हनुवटी छातीला कशी लावायची ते दाखवलं, मागं हात टेकायचा न्हाई म्हणून बजावलं. आत्या सगळ्याला हाव हाव. मंग चटईच्या कडेला चप्पल काढून समोर उभ्या ऱ्हायल्या. मी आधी पाया पडले. आगाऊ. मंग पाठीवर पडले.

खालून आत्या डोंगरावानी दिसत होत्या.

मॅडम म्हणल्या, "चला." आत्या माझ्याकडं चालत आल्या. मी टाच धरली. दुसऱ्या टाचेमागं पाय अडकवला. तिसरं काम ऱ्हायलं, पाय कमरेला लावायचं. माझा पाय हवेत. तो लुगड्यापशी गेला, परत आला. परत गेला, टेकला, आन् टेकल्याबरोबर माझे दोन्ही हात टाच सोडून जोडले गेले. आगाऊ पाया पडलेलं काही कामाला आलं न्हाई. ही शिरूरची पोरगी नव्हती. ही आत्या होती.

आत्यांनी माझे पाय असे बाजूला केले जसं दारातलं वाळवण सारतेत, आन् येऊन माझ्या पोटावर बसल्या. सगळ्या वजनानं. माझा श्वास गेला तो गेलाच. वरून काकूचा आवाज, "हं. झालं का?"

मॅडम म्हणल्या, "अजून न्हाई काकू."

आत्या वाकल्या. माझ्या कानापशी तोंड आणलं, मिशरीचा वास आला. मला वाटलं आता "अगं" म्हणतेल. त्या हळूच बोलल्या, इतक्या हळू की त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "रेणापूरला लेकीच्या दारात बसवतीस का मला? व्याह्याच्या हातून पाणी घेऊ का मी? लाव पाय. मी सांगायलेय तुला, लाव."

आन् त्यांचे डोळे, बगा, त्यात भ्या होतं. आत्याला! मी लगीन झाल्यापसून पहिल्यांदा बघितलं. मला वाटायचं भ्याचं सगळं खातं घरात माझ्याकडंच हाय.

मॅडम वरडल्या, "श्वास!"

मी श्वास घेतला. मंग हात सोडवला, कंबर मागं घेतली, मंग खांदा. झोपलेल्या लेकराखालून निघतात तशी आत्याखालून निघाले. लेकरू एवढं जड नसतंय, म्हणून येळ लागला, मधी माझी येणीबी त्यांच्या गुडघ्याखाली अडकली, पण निघाले. आत्या उठल्या. "ये," म्हणल्या, आन् ह्या येळेला खऱ्याच आल्या, टँकरवर पहिल्या नंबरची बाई येती तशा.

मी टाच धरली, पाय अडकवला, डोळे मिटले आन् पाय लावला. त्यांच्या कमरेला, जिथं त्या घरच्या किल्ल्या खोचतेत तिथं. किल्ल्या टोचल्या. मी ढकललं.

आत्या बसल्या. धपकन. गादीतनं धूळ उडाली, कोणत्या लग्नाची की. मी उठले, त्यांच्यावर जाऊन बसले, मानेखाली हात घालून धरलं, आन् तोंडानं सारखं, "माफ करा आत्या, माफ करा आत्या," आन् हात काय सोडला न्हाई. मला वाटतं मी रडतबी होते. आत्यांना थापटायचं असतंय हे माहीतच नव्हतं, त्या खालून माझा दंड चावायच्या बेतात होत्या. मॅडमनंच त्यांचा हात धरून चटईवर आपटला. "झालं, झालं! सोडा ताई!"

मी सोडलं. आत्या उठून बसल्या, आंबाडा सुटलेला, लुगड्याला धूळ. मला वाटलं आता काय खरं न्हाई. त्यांनी आंबाडा बांधला, उभ्या ऱ्हायल्या आन् बोट दाखवून म्हणल्या, "परत ये. मी गाफील होते. ह्या येळेला बगते तुला."

मी दोन पावलं मागं सरकले. जितलेली मी, आन् मागं सरकलेलीबी मी.

वरून काकू हासायला लागल्या. लेकरूबी हासायला लागलं. काकू म्हणल्या, "मॅडम, माझं ठरलं. गेटवर मला ही बाई पायजे."

मॅडम खूष. "म्हणलं होतं ना काकू, ताई भित्र्या वाटतेत पण—"

"सून न्हाई ओ. सासू. पडली आन् उठून परत अंगावर चालली, बघितलं न्हाई का? गेटवर अशीच लागती."

"पण काकू, पास तर सून झाली."

"झाली की, मी कुठं न्हाई म्हणते. तिला आत ठेवा, पोरींच्या मजल्यावर. कुणी आजारी पडलं, कुणी रडलं तर बगंल. माफी मागत मागत सोडत न्हाई, ते मला आवडलं. खोली एकच हाय पण, दोघींनी जमवून घ्या."

मी आत्याकडं बघितलं. आत्या लुगड्याची धूळ झटकत होत्या, जशी काय रोजच नोकरी लागती त्यांना. "अक्का," त्या म्हणल्या, "गेटवर खुर्ची पायजे. मी स्टुलावर बसणार न्हाई." आन् स्टेजवर चढून काकूसंग पगाराचं बोलत बसल्या. मी लेकराला घेऊन पाजत खाली बसले. मॅडम शेजारी येऊन बसल्या, म्हणल्या, "डाव लई चांगला झाला." मला हासावं का रडावं कळंना. म्हयनाभर आपटी खाल्ली मी, आन् गेट मिळालं त्यांना, ज्या म्हयनाभर खुर्चीवर बसल्या होत्या. पण खरं सांगते, गेटवर मी नसणार हे ऐकून माझा जो श्वास सुटला, तसा म्हयनाभरात एकदाबी सुटला नव्हता.

घरी आलो तर हे दारात, पिशवी पायापशी, चेहरा पडलेला. आम्हाला बघून उठले.

"काय झालं? पास झालीस का?"

"झाले," मी म्हणलं. "पण नोकरी आत्याला लागली."

हे एकदा माझ्याकडं बगतेत, एकदा आईकडं. आईच्या आंबाड्यात गादीचा कापूस. "आई, तू कुस्ती खेळलीस?"

"मला हिनं पाडलं," आत्या म्हणल्या, असं, जसं शेजारणीला सांगतेत की सुनेनं पुरणपोळी बरी केली. मंग पिशवीला पायानं बाजूला सारलं. "बगत काय उभा ऱ्हायलास? शेजारच्याचा हातगाडा माग. चूल आधी घे, हंडे मागून."

हे गाडा आणायला गेले. मी पिशवी उचलली आन् तिच्यातले लेकराचे कपडे एक एक काढून परत घडी घालायला बसले, कशाला ते मलाबी ठाऊक न्हाई, सामान तर तसंबी हलवायचंच होतं. आत्या कमरेला हात लावून भिंतीला टेकून बसल्या होत्या. दुखत असंल. मी इचारलं, "आत्या, तेल लावू का?"

"लाव," त्या म्हणल्या. "जरा वर. किल्ल्या रुतल्यात तिथं."